जमिनीखालचा पटवारी

बोअरची गाडी बरेचदा रात्रीच शेतात शिरते. कॉम्प्रेसर सुरू झाला की बांधावर उभ्या असलेल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: पाणी कधी उडतं. पाण्याआधी जे उडतं ते कोणी पाहत नाही. आधी काळ्या मातीचा लगदा येतो, मग पिवळसर मुरूम, मग करडी भुकटी. मध्येच विटेच्या रंगाचा चुरा उडतो, आणि पुन्हा करडी भुकटी सुरू झाली की तिच्यात बॅटरीच्या उजेडात पांढरे कण चमकतात. पहाटे गाडी निघून जाते. भोकाशेजारी चुऱ्याचा ढीग उरतो. पहिल्या चांगल्या पावसात तोही जातो.

सहा इंची आणि दोनशे फूट खोल बोअरमधून सुमारे तीन टन खडक चुरा होऊन वर येतो. त्यातला पाच किलो नीट ठेवला असता, तर त्या शेताखाली काय आहे ते कायमचं कळलं असतं. तो लाल चुरा म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधली भाजलेली, कुजलेली माती. तिच्या लगेच खाली जुन्या थराचा सच्छिद्र माथा, म्हणजे मांजऱ्या खडक, असतो आणि तिथे पाणी मिळण्याची शक्यता बरी असते. हीच लाल माती ढासळून भोक बुजवते, म्हणून केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारा पाइप, तिच्या खालपर्यंत न्यावं लागतं. पांढरे कण म्हणजे मांजऱ्याची छिद्रं बुजवणारी खनिजं. ती जास्त असली तर छिद्रं आहेत पण भरलेली आहेत, म्हणजे पाण्याला जागा कमी. शेजारच्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षी नेमकी हीच माहिती हवी असते. ती नसते, म्हणून तो तळहातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पानाड्याला बोलावतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसरं काही विचारायला आपण त्याला जागाच ठेवलेली नाही.

वरच्या जमिनीची व्यवस्था पाहा. प्रत्येक तुकड्याला सातबारा आहे, फेरफार आहे, नकाशा आहे, आणि हे सांभाळायला पटवारी आहे. पदाचं नाव बदललं तरी आपल्याकडे लोक त्याला पटवारीच म्हणतात. त्याच तुकड्याखाली दहा मीटरवर काय आहे याची वही कोणाकडेच नाही. आमचं म्हणणं सरळ आहे. विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यात खडकांचे नमुने आणि जमिनीखालच्या नोंदी सांभाळणारं एक घर हवं, आणि त्यात पगारावर नेमलेली, शिकलेली, बदलीच्या रांगेत नसलेली माणसं हवीत. भूविज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या गावाकडच्या मुलामुलींसाठी हा स्वतंत्र पेशा आहे, आणि त्याची पदं निर्माण झाली पाहिजेत.

यावर पहिलं उत्तर येतं ते नागपूरचं. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय, शासनाचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, खनिज समन्वेषणाचं केंद्रीय महामंडळ, कोळशाची वेकोलि, मँगनीजची मॉइल, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्र, सुदूर संवेदन केंद्र, सगळं एकाच शहरात आहे. खरं आहे, आणि देशातल्या फार थोड्या शहरांना हे भाग्य आहे. पण यातली प्रत्येक संस्था आपल्या कामापुरतं जमवते. कोळशासाठी मारलेल्या भोकात कोळसा पाहिला जातो, मँगनीजच्या भोकात मँगनीज. पुलाच्या पायासाठी, धरणाच्या भिंतीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी घेतलेली भोकं कंत्राटदाराच्या अहवालात जातात, आणि बिल निघालं की अहवाल कपाटात. खदानी, विहिरी, बोअर यांचं तर नावच नको. झरी जामणीच्या किंवा सिरोंच्याच्या माणसाला आपल्या गावाखालचा दगड पाहायचा असेल तर नागपूरला कोणत्या दारात उभं राहावं, हे त्याला कोणी सांगू शकणार नाही.

नमुना जपला तर काय होतं, याचं उदाहरण वरोरा तालुक्यातच आहे. पिसदुऱ्याच्या शेतांमध्ये डायनासोरांची हाडं आणि त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. त्या गोळ्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. डायनासोर होते तेव्हा गवताच्या वेगवेगळ्या जाती आधीच होत्या, हे त्यातून दिसलं आणि गवताचा इतिहास मागे सरकला. नांगराच्या फाळाला लागून बांधावर फेकला जाणारा तो दगड. त्याचं मोल दगडात होतं तितकंच, तो कोणत्या शेतात आणि कोणत्या थरात मिळाला या नोंदीत होतं. चिठ्ठी हरवली तर तोच गोळा नुसता गोटा उरतो.

आणि न जपण्याचंही उदाहरण जुनं आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या भागातून जीवाश्म गोळा केले. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीची एका प्राचीन उभयचराची कवटी १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिओप्स या नावानं जगासमोर आणली. ती आज लंडनच्या संग्रहात आहे. तिथे ती नीट आहे, क्रमांकासह आहे, मागितली तर पाहायला मिळते. दीडशे वर्षांहून जास्त काळ एक कवटी सांभाळणं काय असतं, ते त्यावरून कळतं. पुढे सिरोंच्याकडच्या खडकांच्याच पट्ट्यात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, मिळालेला अजस्र डायनासोर, बारापासॉरस, कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत उभा राहिला. या जतनाबद्दल कृतज्ञताच आहे. पण सिरोंच्याजवळच्या वडधमच्या मुलानं आपल्याच मातीतलं हाड पाहायला कोलकात्याला जावं, हे पटत नाही.

आता काम प्रत्यक्षात काय असतं ते पाहू, कारण ‘दगड ठेवायला काय लागतं’ असं म्हणणारे बरेच भेटतात.

हिऱ्याच्या दात्यांची नळी फिरवून खडकाचा अखंड दांडा काढतात, त्याला सगळे कोअरच म्हणतात. एनक्यू मापाच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर. साधारण खडकाचा असा एक मीटर दांडा पावणेपाच किलोच्या आसपास भरतो. मीटरभर लांबीच्या पेटीत पाच खाचे, म्हणजे पेटीत पाच मीटर, म्हणजे चोवीस किलो दगड आणि वर पेटीचं वजन. तीनशे मीटरचं एक भोक म्हणजे साठ पेट्या, जवळपास दीड टन. अशी चाळीस भोकं एका शेडमध्ये आली की साठेक टन होतात, आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या खोलीतली फरशी दबते. म्हणून आधी खालचं काँक्रीट, मग लोखंडी रॅक, आणि सगळ्यात वरची फळी खांद्याच्या वर नको, कारण ती पेटी दोघांना उतरवावी लागते.

पेटी उघडली की पहिल्यांदा पाहायचा तो लाकडी ठोकळा. प्रत्येक फेरीच्या, म्हणजे नळी एकदा खाली जाऊन कोअर घेऊन वर आली की त्या टप्प्याच्या, शेवटी खोलीचा आकडा लिहिलेला ठोकळा ठेवतात. पेटी हलवताना ठोकळा सरकला की पुढचं सगळं माप चुकतं, म्हणून पेटी आल्याबरोबर ठोकळ्याच्या जागेवर पेटीलाच खूण करून घ्यायची. मग कोअर कोरडा आणि ओला, दोन्ही तऱ्हेनं फोटोत घ्यायचा. ओल्यात रंग आणि रेषा उठून दिसतात, कोरड्यात भेगा. तीन मीटरच्या फेरीत किती कोअर हाती आला ते टक्क्यांत लिहायचं. दहा सेंटीमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज वेगळी लिहायची, पूल आणि बोगदा बांधणाऱ्याला तोच आकडा लागतो. प्रयोगशाळेसाठी कोअर उभा कापून अर्धाच द्यायचा. उरलेला अर्धा हा पुरावा आहे, तो कोणी मागितला तरी पूर्ण संपवायचा नाही.

बिघडतं कुठे? आपल्याकडे पहिली वाळवी. लाकडी पेटी आणि कागदी चिठ्ठी ती एकाच पावसाळ्यात संपवते. दुसरं ऊन. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मार्करची शाई उडते आणि साधं प्लास्टिक तडकतं. म्हणून क्रमांक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून उठवायचा आणि चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ना पाण्यात विरघळतं ना उन्हानं उडतं. तिसरं जास्त फसवं आहे. कोळशाजवळच्या काळ्या शेल खडकामध्ये आणि काही जीवाश्मांमध्ये पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. दमट हवेत ते हळूहळू गंजतं, त्यातून गंधकाम्ल तयार होतं, नमुन्यावर पिवळट-पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते आणि शेजारची चिठ्ठी जळते. अशा नमुन्यांना वेगळं, बंद, आर्द्रता साठ टक्क्यांच्या बरीच खाली राहील असं कपाट लागतं. हे ज्याला माहीत नाही तो ती बुरशी पुसून काढतो आणि नमुना पुन्हा त्याच जागी ठेवतो.

दगडांपेक्षा नोंदी लवकर बिघडतात, आणि इथे विदर्भाची स्वतःची एक अडचण आहे. नकाशावरचे मीटरमधले अंक ज्या पट्ट्यात मोजतात, त्या पट्ट्यांची हद्द ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे. ही रेघ यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांमधून जाते. पुसद, दिग्रस त्रेचाळीस क्रमांकाच्या पट्ट्यात, तर यवतमाळ शहर आणि वणी चव्वेचाळीसमध्ये. अमरावती एकात, वरूड दुसऱ्यात. नोंदीत पट्ट्याचा क्रमांक लिहायचा राहिला आणि कोणी चुकीचा गृहीत धरला, तर पुसदचं भोक सहाशे किलोमीटर पूर्वेला, ओडिशात जाऊन पडतं. ही चूक निदान दिसते. जुन्या टोपोशीटवरून काढलेले अक्षांश-रेखांश मोबाईलच्या जीपीएसमध्ये तसेच घातले तर फरक दीड-पावणेदोनशे मीटरचा येतो. ती चूक दिसत नाही. भोक शेजाऱ्याच्या शेतात जातं, आणि तिथे ते शोधणारा माणूस ‘नोंदच खोटी’ म्हणून परत येतो.

गावांची नावं ही तिसरी डोकेदुखी. पिंपळगाव किती, खुर्द-बुद्रुक किती, आणि वस्ती उठलेली पण महसुली नकाशात टिकलेली रिठी गावं वेगळीच. कुठे जुना सर्व्हे नंबर, कुठे खसरा, कुठे आता गट. म्हणून नोंदीत जनगणनेचा गाव-संकेतांक हवाच, आणि जुना क्रमांक न खोडता नवा शेजारी लिहायचा. फुटात मोजलेली खोली मीटरमध्ये बदलली तरी मूळ फूट ठेवायचे. प्रयोगशाळेला एखादं मूलद्रव्य ‘मापनमर्यादेच्या खाली’ मिळालं तर तिथे शून्य भरायचं नाही. शून्य म्हणजे नाही, आणि ‘मर्यादेच्या खाली’ म्हणजे आपल्या यंत्राला दिसलं नाही. असे शून्य भरलेले तक्ते पुढे सरासऱ्या बिघडवत राहतात.

बोअरच्या पाण्याचंच घ्या. ‘दोन इंच पाणी लागलं’ हे वाक्य सगळे वापरतात. हा इंच नव्वद अंशांच्या त्रिकोणी खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीचा असेल, तर एक इंच म्हणजे ताशी सुमारे पाचशे लिटर आणि दोन इंच म्हणजे ताशी सुमारे एकोणतीसशे लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त. कोणी मात्र पाइपाच्या तोंडाचा इंच सांगत असतो. नोंद करणाऱ्यानं कोणता इंच ते विचारलं नाही तर तो आकडा लिहून उपयोग नाही. विहिरीतही तसंच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. हे सातत्य फार मोलाचं आहे. पण दुरुस्तीत कठडा दोन फूट उंच बांधला, आणि माप कठड्यावरूनच घेतलं, तर त्या वर्षी पाणी दोन फूट खाली गेल्याचं दिसतं. हे पकडायला विहिरीचा जुना फोटो आणि तो लक्षात ठेवणारा माणूस लागतो.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत फ्लोराइडनं दात आणि हाडं गेलेली गावं आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, हे प्रत्येक पाणी अहवालाखाली छापलेलं असतं. पण ते पाणी कोणत्या खोलीच्या, कोणत्या खडकातून आलं, हे त्या अहवालात नसतं. हातपंप बंद होतो, लाल रंग लागतो, आणि नवा बोअर शंभर पावलांवर त्याच खडकात, तितकंच केसिंग घालून होतो. जुन्या भोकाचा चुरा आणि केसिंगची लांबी कुठे लिहिलेली असती तर दोषी थर बंद करून वरचं किंवा खालचं पाणी घेता येतं का, याचा विचार तरी झाला असता. नोंदी सांभाळण्याची पदं मागतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आधी ही गावं असतात, संग्रहालयं नंतर.

दुसरा आक्षेप असा की डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहितीचं संकेतस्थळ सुरू झालं, सगळं तिथे येईल, दगड कशाला? ते संकेतस्थळ चांगलंच आहे. पण तिथे असतं ते कोणीतरी, कधीतरी, एका हेतूनं पाहिलेलं. २०२३ मध्येच केंद्र सरकारनं तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. कोळशासाठी किंवा मँगनीजसाठी पूर्वी काढलेल्या कोअरमध्ये गॅलियम, व्हॅनेडियम किंवा दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं आहेत का, हे तेव्हा सहसा कोणी तपासत नव्हतं. तक्त्यात जे नाही ते संगणक सांगणार नाही. पेटी असेल तर परत तपासता येतं, आणि नवं भोक मारण्याचे मीटरमागे हजारो रुपये वाचतात. यात अर्धवट ज्ञानाचा धोकाही आहे. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र बरीच धातू मूलद्रव्यं झटकन दाखवतं, पण लिथियम त्याला दिसत नाही. त्या यंत्रावर ‘लिथियम नाही’ असा शेरा मारणारा माणूस शेडमध्ये नको.

लोणारचं विवर याच कारणानं आठवतं. त्याचं वय एके काळी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत. पुढे वितळलेल्या खडकावर आर्गॉन पद्धतीनं मोजल्यावर पाच लाख सत्तर हजार वर्षं आलं. पद्धती बदलत राहतात; दगड हाती असेल तरच नवी पद्धत लावता येते.

पदांबद्दल खरं ते सांगायला हवं. जिल्ह्यामागे एक संग्रहपाल, एक नोंदी आणि नकाशे पाहणारा आणि दोन मदतनीस धरले तर अकरा जिल्ह्यांत चव्वेचाळीस माणसं होतात. यानं बेरोजगारी संपत नाही. आज भूविज्ञानाच्या पदवीधरासमोर संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा, राज्यातली मोजकी पदं, किंवा खाणीवरची कंत्राटी नोकरी असते, आणि परीक्षेच्या तयारीत वर्षं जातात. नमुने आणि नोंदींचं काम शिकलेल्याला मात्र खाण कंपनी, भोकं मारणारा कंत्राटदार, पाणलोटाचं काम करणारी संस्था आणि विद्यापीठ, सगळीकडे जागा असते, कारण हे नीट करणारी माणसं कमी आहेत. त्यासाठी खडक ओळखता यायला हवा, तक्ता नीट बांधता यायला हवा. भोकाचं ठिकाण एका तक्त्यात, त्याचा कल दुसऱ्यात, थर तिसऱ्यात, पृथक्करण चौथ्यात, आणि चारही एका क्रमांकानं जोडलेले. एका थराची खालची खोली आणि पुढच्याची वरची खोली जुळते का, हे रोज तपासायची सवय हवी. आणि अक्षर वाचता येण्यासारखं हवं. गोंडवाना आणि अमरावती विद्यापीठांना सहा महिन्यांचा असा अभ्यासक्रम सुरू करायला फार मोठी गोष्ट लागत नाही. अर्धा वेळ शेडमध्येच घालवायचा, एवढी एक अट मात्र सोडू नये.

पैसा आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टेधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रक्कम जमा होते; १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या तीस टक्के, लिलावातल्या पट्ट्यांसाठी दहा टक्के. पिण्याचं पाणी, शिक्षण आणि कौशल्य विकास हे त्या निधीचे प्राधान्याचे विषय आहेत. नमुनागृह या तिन्हींत बसतं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नागपूर आणि भंडारा या खाणींच्या जिल्ह्यांपासून सुरुवात करता येईल, आणि खाणी नसलेल्या जिल्ह्यांसाठी राज्यानं वेगळी तरतूद करावी.

कायद्याच्या बाजूला एक गाठ सोडवावी लागेल. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणलं आहे. हेतू योग्य आहे. पण परिणाम असा की खरी खोली सांगायला बोअर मालक आणि गाडीवाला दोघंही कचरतात, आणि जी नोंद होते ती साठच्या आतली असते. नमुनागृहाकडे दिलेली माहिती दंडासाठी वापरली जाणार नाही, एवढी हमी नियमांत लिहून दिल्याशिवाय खरा आकडा हाती येणार नाही. गाडीच्या नोंदणीला मात्र नमुने देण्याची अट जोडावी. भूवारसा स्थळांच्या कायद्याचा मसुदा केंद्रानं २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. त्यात जीवाश्म जिथे सापडतात त्या जिल्ह्यातच त्यांचा किमान एक भाग ठेवण्याची तरतूद हवी, असं आमचं मत आहे.

इमारत, पदं, नियम यांना वेळ लागेल. येत्या उन्हाळ्यातल्या बोअरना थांबता येणार नाही. ज्याच्या शेतात गाडी येणार आहे त्यानं वीस जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक पेन्सिल जवळ ठेवावी. दर तीन मीटरला, म्हणजे दर दहा फुटांना, मशीनवाल्याला रॉड न वाढवता थोडा वेळ नुसती हवा सोडायला सांगावं, म्हणजे वरचा चुरा निघून जातो आणि खालचा येतो. भोकाच्या तोंडाशी चाळणी धरून पाव किलो घ्यावा. पाणी लागल्यानंतर बारीक भुकटी वाहून जाते, तेव्हा चाळणीत उरलेले खडे जास्त जपून घ्यावेत. रॉड उतरायला किती मिनिटं लागली तेही लिहावं, कठीण आणि मऊ खडक त्यावरून कळतो. चिठ्ठ्या दोन लिहाव्यात, एक पिशवीत आणि एक बाहेर: गाव, गट नंबर, तारीख, किती फुटांपासून किती फुटांपर्यंत. केसिंग किती फूट गेलं ते शेवटच्या पिशवीवर. पिशव्या सावलीत उघड्या ठेवून वाळवाव्यात, मग बांधाव्यात, आणि जमिनीपासून हातभर उंच फळीवर ठेवाव्यात, वाळवी भिंतीच्या कडेनं चढते म्हणून भिंतीपासून चार बोटं दूर.